नकाशाला रस्ता ठाऊक, बॅटरी नाही

बडनेऱ्याला आलं की वाटा फुटतात. मुंबई–हावडा मार्गावरचं हे जंक्शन. इथूनच अमरावतीचा फाटा निघतो आणि नरखेडचाही. रस्त्यांचंही तसंच. पश्चिमेला मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोला; दक्षिणेला बेलोरा, नांदगाव खंडेश्वर करत यवतमाळ; उत्तरेला अमरावती ओलांडली की परतवाडा आणि पुढे मेळघाट; आणि अमरावतीला वळसा घालून नागपूर. कोणत्या गावाला कोणत्या फाट्यावरून वळायचं, हे पूर्वी टपरीवर चहा घेताना विचारून घेत. आता गाडीत बसल्या बसल्या डॅशबोर्डच्या पडद्यावर निळी रेघ उमटते आणि माणूस तिच्यामागे निघतो.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीला ही रेघ बहुतेक वेळा पुरते. चुकून वीस-तीस किलोमीटर जास्त फिरलं, तर फार तर दोन-तीनशे रुपयांचं इंधन जातं आणि पुढचा पंप कुठे ना कुठे लागतोच. विजेवरच्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. तिला अंतर किती हे कळून भागत नाही. त्या अंतराला वीज किती लागेल हेही कळावं लागतं. आणि गंमत अशी की फोनवरच्या नकाशाला रस्ता माहीत असतो, गाडीला बॅटरी माहीत असते, पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत या दोघांचं आपसात बोलणंच होत नाही. ते बोलणं चालकाला करावं लागतं. त्यासाठी या पडद्यामागे काय चालतं, हे थोडं समजून घेतलेलं बरं.

चित्र फोनचं, पडदा गाडीचा

अँड्रॉइड ऑटो आणि ॲपलचं कारप्ले या दोन्ही सोयी 2014 मध्ये जाहीर झाल्या. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक विजेच्या गाड्यांत त्या असतात. फोन गाडीला जोडला की नकाशा मोठ्या पडद्यावर येतो आणि अनेकांना वाटतं, ॲप आता गाडीत चालतंय. तसं नसतं. यात्रेतल्या तंबूत सिनेमा लागायचा तेव्हा चित्र मशीनमधून यायचं, कापडाचा पडदा ते नुसतं झेलायचा. इथेही मशीन म्हणजे फोन. नकाशा फोन काढतो, रस्ता फोन शोधतो, इंटरनेटही फोनच्या सिमचं. तयार चित्र व्हिडिओसारखं गाडीच्या पडद्यावर पाठवलं जातं. तुम्ही पडद्यावर बोट टेकवलं की ते कुठे टेकलं एवढी खबर गाडी फोनला परत देते.

हे लक्षात घेतलं की बऱ्याच तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. पडदा अडखळत असेल, तर बहुधा फोन दमलेला असतो. वायर लावूनही नकाशा येत नाही, पण फोन चार्ज होतो, असं झालं तर दोष वायरचा असण्याची शक्यता मोठी. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त वायरी चार्जिंगपुरत्याच असतात. माहिती वाहून नेणाऱ्या तारा त्यांत नसतातच. काही गाड्यांत दोन-तीन यूएसबी खाचा असतात आणि त्यातली एखादीच पडद्याशी जोडलेली असते. बिनवायरच्या जोडणीत फोन आणि गाडी आधी ब्लूटूथवरून एकमेकांना ओळखतात, मग चित्र पाठवायला वाय-फाय वापरतात. ब्लूटूथला एवढं ओझं झेपत नाही. या सगळ्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि फोन तापतो.

तापण्याचा मुद्दा वऱ्हाडात हलक्यात घेण्यासारखा नाही. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं, असं ॲपल सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात अकोला-अमरावतीत सावलीत पारा 45 च्या वर जातो. काचेखाली उन्हात ठेवलेला फोन, त्यात नकाशा सुरू, वर वायरलेस चार्जिंगची गादी. असा फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी उजेड कमी करतो, मग चार्ज होणं थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. उन्हाळ्यात फोन डॅशबोर्डवर न ठेवता एसीच्या झोतासमोर किंवा खालच्या खणात ठेवावा आणि वायर वापरावी.

आपण कुठे आहोत हे कसं कळतं

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण सतत सांगत असतो, की मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. तो संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा ठरायला हवी. पण फोनचं घड्याळ अणुघड्याळाइतकं अचूक नसतं आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही जागा 300 मीटरने हलवते. ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशिया, युरोप आणि चीनचे उपग्रहही आजचे फोन वापरतात. इस्रोची नाविक ही आपली यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह 2013 मध्ये गेला आणि 2023 च्या एनव्हीएस-01 या उपग्रहापासून तिचे संदेश साध्या फोनला सोयीच्या वारंवारतेवरही मिळू लागले.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की जागा कळायला इंटरनेट लागत नाही. नकाशाचं चित्र, रहदारी आणि नवा रस्ता शोधायला लागतं. म्हणून नेटवर्क गेल्यावर निळा ठिपका पुढे सरकत राहतो, पण त्याच्याभोवतीचा नकाशा कोरा होतो.

दुसरी गोष्ट उंचीची. उड्डाणपुलावर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडवर, हे ओळखताना फोनची गफलत होते. जमिनीवरची जागा तो काही मीटरच्या फरकाने सांगतो. उंची सांगताना चूक जास्त. महामार्गावर गावागावाला पूल आणि खाली सर्व्हिस रोड आहेत, त्यामुळे ही अडचण नेहमीची. पूल घ्यायचा की खालून जायचं, हे आधीच सांगण्याची सोय गूगल मॅप्सने 2024 मध्ये भारतात आणली. तरी पूल आला की पाटी वाचावी हे बरं.

वेग आणि युनिट

विजेचं बिल भरणाऱ्या प्रत्येकाला युनिट माहीत आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट. गाडीची बॅटरीही त्याच मापात मोजतात. 2020 च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटची होती. नंतर 45 युनिटची नेक्सॉन आली. तिचा प्रमाणित चाचणीतला पल्ला 489 किलोमीटर आहे, पण प्रत्यक्ष वापरात 350 ते 370 मिळतील असं कंपनीच सांगते. मधली तफावत कुठे जाते?

बरीचशी हवेत. गाडी हवा कापत जाते आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 120 ने गेलात, तर वेग दीडपट होतो आणि अडथळा सव्वादोन पट. ओबडधोबड हिशेब करू. एखाद्या छोट्या एसयूव्हीला 80 च्या वेगाने एक किलोमीटर जायला केवळ हवेपायी साधारण 70 वॅट-तास लागतात, 120 ला तेच दीडशेच्या पुढे. चाकांचं घर्षण, एसी, मोटरमधली तूट हे सगळं वेगळं. म्हणजे शंभर किलोमीटरच्या प्रवासात फक्त वेगापायी आठ-नऊ युनिट जास्त जळतात.

आता आपल्याकडचे रस्ते बघा. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटरच्या या रस्त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा 120. अमरावती–अकोला राष्ट्रीय महामार्ग 53, ज्याला लोक अजून नंबर सहाच म्हणतात, त्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत सलग डांबरून गिनेस विक्रम झाला. असे गुळगुळीत रस्ते पायाला स्वस्थ बसू देत नाहीत. आणि नकाशाचं ॲप तर वेळ वाचवणाऱ्या रस्त्याचाच पक्ष घेतं. त्याच्या लेखी वेगवान रस्ता तो चांगला रस्ता. बॅटरीच्या लेखी नेमकं उलट असू शकतं.

गाडीच्या काट्याशेजारी दिसणारा उरलेल्या पल्ल्याचा आकडाही पुढचा रस्ता बघून काढलेला नसतो. बहुतेक गाड्यांत तो गेल्या काही किलोमीटरच्या सरासरीवरून येतो. दोन दिवस अमरावतीच्या राजापेठेतून बडनेरा असे हळूहळू फिरलात, तर आकडा फुगतो. तोच आकडा खरा धरून समृद्धीवर चढलात, तर पन्नास किलोमीटर जाईपर्यंत तो सत्तर-ऐंशीने उतरलेला दिसतो. गाडी बिघडलेली नसते. तिने कालचं उत्तर आज दिलेलं असतं.

चिखलदऱ्याचा हिशेब

बडनेऱ्याहून चिखलदरा साधारण 95 किलोमीटर. अमरावती, परतवाडा, धामणगाव गढी, मग घाट. नकाशा किलोमीटर आणि वेळ सांगून मोकळा होतो. परतवाड्यापर्यंत रस्ता जवळपास सपाट, उंची समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आत. चिखलदरा 1,100 मीटरच्या वर. म्हणजे शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये साधारण 750 मीटर चढायचं.

माणसांसकट 1,700 किलोची गाडी 750 मीटर वर उचलायला किती वीज लागते, हे शाळेतल्या सूत्राने काढता येतं. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं सुमारे साडेतीन युनिट. मोटरमधली तूट धरली तर चार. ही वीज रस्ता कापायच्या विजेच्या वर, वेगळी.

समजा गाडी जुनी, 30.2 युनिटची आहे. सपाट रस्त्याला किलोमीटरमागे 130 वॅट-तास धरले, तर जायला साडेबारा युनिट अधिक घाटाचे चार, म्हणजे साडेसोळा. येताना उतार असतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मोटर उलटी, जनित्रासारखी चालते आणि गाडीचा वेग विजेत बदलून बॅटरीत परत घालते. चढताना जे दिलं त्यातलं निम्म्याच्या आसपास परत मिळालं असं धरू, म्हणजे दोन युनिट. परतीचा खर्च मग साडेदहा. एकूण 27. बॅटरी 30.2 ची. कागदावर जमलं, प्रत्यक्षात गाविलगड किल्ला बघायला थोडं फिरलात, एसी जोरात लावला किंवा पावसात ओल्या रस्त्याने आलात, की अमरावतीतच गाडी थांबेल. बॅटरी जुनी असेल तर तिची क्षमताही थोडी घटलेली असते. 45 युनिटच्या गाडीला हाच प्रवास आरामात होतो.

उतरताना एक गंमत होते. चिखलदऱ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरायला लागलात, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग गाडी विजेने मंदावत नाही आणि ब्रेकवर नेहमीपेक्षा जास्त भार येतो. वर चार्ज करायचंच असेल, तर थोडी जागा शिल्लक ठेवावी.

हा सगळा हिशेब नकाशाच्या ॲपला करता आला असता. उंची त्याला माहीत आहे, अंतर माहीत आहे. बॅटरीची टक्केवारी तेवढी नाही. ॲपल मॅप्सने 2020 मध्ये अशी सोय जाहीर केली आणि परदेशात फोर्डच्या मस्टँग माक-ईसारख्या काही गाड्या फोनला बॅटरीची माहिती देतात. मग वाटेत कुठे थांबून चार्ज करायचं ते नकाशाच सांगतो. आपल्याकडे तशी सोय येईपर्यंत मधला मार्ग म्हणजे स्वीडनमध्ये तयार झालेलं ‘अ बेटर रूटप्लॅनर’ हे ॲप. त्यात गाडीचं मॉडेल आणि निघतानाची टक्केवारी आपण भरायची. चढ-उतार आणि वेग धरून ते उरलेली बॅटरी सांगतं. गाडी कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही अशी सोय असेल, तर तीही तपासून बघावी.

वऱ्हाडातल्या खाचाखोचा

निघण्यापूर्वी ठिकाण टाकताना पहिली फसगत नावांची. बडनेऱ्याहून नांदगाव पेठ एका दिशेला, नांदगाव खंडेश्वर दुसऱ्या. चांदूर रेल्वे पूर्वेला, चांदूर बाजार उत्तरेला. अंजनगाव बारी बडनेऱ्याला लागून, अंजनगाव सुर्जी पार तिकडे दर्यापूरच्या पुढे. धामणगाव रेल्वे आणि धामणगाव गढी तर जिल्ह्याच्या दोन टोकांना. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. 2021 च्या जानेवारीत गूगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावं दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे वाचायला सोपं झालं; पण अर्धं नाव टाकून पहिलं उत्तर निवडायची सवय तेवढीच महाग पडते. तालुका बघूनच ठिकाण पक्कं करावं.

दुसरी फसगत पांदण रस्त्यांची. उपग्रहाच्या छायाचित्रात शेतातली पांदणही रस्त्यासारखीच दिसते आणि कधी कधी नकाशात रस्ता म्हणून बसते. दहा किलोमीटर वाचतात म्हणून ॲप तिथे वळायला सांगतं. उन्हाळ्यात धूळ खात का होईना गाडी निघते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं, की ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय सुटका नाही. विजेच्या गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते. उंचवट्यावर ती घासणं परवडणारं नाही. गावाकडे शेवटचे पाच किलोमीटर माणसाला विचारून जावं, हा जुना रिवाज अजून कामाचा आहे.

आंधळेपणाने रेघ धरण्याची किंमत जिवानेही मोजावी लागते. जानेवारी 2021 मध्ये नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक गाडी रात्रीच्या वेळी नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने गेली. त्या रस्त्यावरचा पूल धरणाच्या पाण्याखाली होता. चालक बुडून दगावला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी रामगंगेत कोसळून तिघे गेले. तिथेही नकाशाचाच मार्ग धरल्याचं पुढे आलं. रस्ता बंद झाल्याची खबर नकाशापर्यंत जाण्याआधी वाहन तिथे पोचू शकतं.

तिसरी अडचण नेटवर्कची. परतवाडा सोडून घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा मेळघाटातला रस्ता धरला की फोनच्या काड्या गळायला लागतात. निघतानाच अमरावती जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, तर ठिपक्याभोवती रस्ते दिसत राहतात आणि वाट चुकली तर नवा रस्ताही मिळतो. रहदारी मात्र दिसत नाही आणि चार्जर सध्या सुरू आहे की बंद, तेही नाही.

चार्जरचा ठिपका

नकाशावर चार्जिंग स्टेशन शोधताना ठिपका दिसला म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या कारला वेगाने चार्ज होण्यासाठी सीसीएस-2 नावाचा प्लग लागतो. काही ठिकाणं दुचाकी-तिचाकींची असतात, काहींवर जुन्या पद्धतीचे प्लग असतात. ठिपका उघडून प्लगचा प्रकार आणि यंत्राची ताकद बघावी. 30 किलोवॅटच्या यंत्रावर 45 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर न्यायची, म्हणजे 27 युनिट भरायचे, साधारण तासभर. 60 किलोवॅटच्या यंत्राला चार्जिंगच्या दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागलेली असेल, तर अनेकदा ताकद वाटून घेतली जाते. 80 टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते, म्हणून लांबच्या प्रवासात शंभर टक्क्यांची वाट बघत बसण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं चार्ज करणं वेळ वाचवतं. नकाशाने सांगितलेल्या पोचण्याच्या वेळेत हे थांबे आपण मिळवायचे.

राज्याच्या 2025 च्या ई-वाहन धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी असं ठरलं आहे, आणि समृद्धीवर विजेच्या कारना टोलमाफीही. ती चार्जिंगची सोय होईपर्यंत, जिथे थांबायचं ठरवलं त्याच्या अलीकडचा एक चार्जर हेरून ठेवावा आणि तो चालवणाऱ्या कंपनीच्या ॲपवर तो सुरू आहे का ते निघताना बघावं. बॅटरी 15-20 टक्क्यांच्या खाली जाईल अशी आखणी करू नये.

आणि शेवटचं, कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार 1 ऑक्टोबर 2020 पासून गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. फोन हातात धरून बोलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा आहे. गाडी चालू असताना अँड्रॉइड ऑटो टाइप करू देत नाही, तेही लक्ष विचलित होऊ नये म्हणूनच. तेव्हा ठिकाण, तालुका, उतरवलेला नकाशा, चार्जर आणि युनिटचा हिशेब ही पाच कामं गाडी दारात उभी असतानाच उरकून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. एकदा चाक फिरलं की डोळे रस्त्यावर ठेवा आणि पडद्याचं फक्त ऐका.